गिरगावचे नाना आणि त्यांच्या वास्तू

ग्रँट रोड स्थानकाच्या पश्चिमेस उतरले म्हणजे डोक्यावरील गोल पादचारी पुलाखाली जो गजबजलेला चौक लागतो, त्यास नाना चौक म्हणतात. हे नाना म्हणजे आपल्या दैवज्ञ ज्ञातीचे भूषण, नामदार जगन्नाथ शंकरशेट. ज्ञातीतील मुलांना नाव ठाऊक असते. नानांच्या वास्तू ठाऊक नसतात, म्हणून हा अल्प प्रपंच.

नानांचा जन्म 1803 सालचा. 1822 मध्ये पितृछत्र हरपले व ऐन तारुण्यात पेढीचा भार अंगावर पडला. चौकाजवळील भवानीशंकर व राम ही मंदिरे वडील शंकरशेट बाबुलशेट यांनी बांधविलेली. तेथे दर्शनास जाणाऱ्या आमच्या भगिनींनी क्षणभर थांबून त्या जुन्या बांधणीकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.

नानांचे धाडस मात्र नाट्यगृहाच्या बाबतीत दिसले. ग्रँट रोडवरील आपली जागा त्यांनी त्यासाठी दिली, आणि 1846 साली तेथे रंगभूमी उभी राहिली. नाटक हा सभ्य घरांत निषिद्ध मानलेला विषय. तरीही 1853 साली विष्णुदास भावे यांनी तेथेच मराठी खेळ केले. ते नाट्यगृह आज उरलेले नाही. नानांच्या साऱ्या वास्तूंत आम्हांस सर्वाधिक हळहळ वाटते ती याचीच. 1849 साली कन्याशाळेसही त्यांनी आपली जागा दिली. त्याबद्दल लोकनिंदा सोसली.

रेल्वे, बाँबे असोसिएशन, कायदेकौन्सिल ही कार्ये सर्वश्रुत आहेत. सोनापूरची गोष्ट तेवढी सांगितली पाहिजे. तेथील स्मशान हलवून शिवडीस न्यावे, असे सरकारच्या मनात आले. गिरगावातील गरिबाने प्रेत खांद्यावर घेऊन इतके अंतर कसे चालावे? नानांनी नेटाने विरोध केला व तो बेत रहित झाला. आजही त्या भागातील अंत्यविधी तेथेच होतात.

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या समितीचे नाना अध्यक्ष होते. 1862 साली पायाभरणी झाली. परंतु 31 जुलै 1865 रोजी नाना निवर्तले आणि 1872 चा उद्घाटनसोहळा त्यांना पाहता आला नाही. त्या दालनातील ओतीव लोखंडाचे खांब व मिंटन फरशी अवश्य पाहावी. नानांचा संगमरवरी पुतळा मात्र टाऊन हॉलमध्ये आहे. तीस पायऱ्या चढून, डोरिक खांबांमधून आत गेले की तो दिसतो.