औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्यातील औंध हे गाव यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. येथे पंतप्रतिनिधी घराण्याची गादी होती. संस्थान लहान, तेही सलग नव्हे; औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब यांचा जन्म १८६८ साली झाला आणि १९०९ साली ते गादीवर आले.

बाळासाहेब मोठे रसिक. ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत. सूर्यनमस्काराच्या प्रसाराचा तर त्यांनी जन्मभर ध्यास घेतला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली ती त्यांनीच. परंतु राजा कितीही सज्जन असला, तरी केवळ त्याच्या सज्जनपणावर प्रजेने किती काळ विसंबावे? उद्या गादीवर लहरी पुरुष आला, तर दाद कोठे मागावी? संस्थानात प्रतिनिधींची सभा होती खरी, पण ती सल्ला देई. शेवटचा शब्द राजाचा असे.

इंग्लंडात १२१५ साली सरदारांनी जॉन राजाला कोंडीत धरून त्याच्याकडून सनद मिळविली. पुढे १६४९ साली एका राजाचा शिरच्छेद झाला, आणि १६८९ साली पार्लमेंटने राजसत्तेला कायद्याची वेसण घातली. म्हणजे जवळजवळ पाच शतके लागली आणि रक्तही सांडले. औंधला मात्र सत्तरी गाठलेल्या राजानेच १९३८ साली आपण होऊन अधिकार सोडण्याचे ठरविले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे अभियंते वर्ध्याजवळ महात्मा गांधींना भेटले. सत्तेचा पाया खेड्यात असावा, हा गांधीजींचा आग्रह. त्यांच्याच मार्गदर्शनाने घटना सिद्ध झाली.

२१ जानेवारी १९३९ रोजी तिला कायद्याचे रूप आले. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याची समिती, आणि सर्वांवर मध्यवर्ती विधिमंडळ अशी रचना झाली. तंटे गावातच मिटविण्याची सोय झाली. राजा आता प्रजेचा पहिला सेवक ठरला. हे धाडस लहान नव्हते, कारण रयतेत लिहिता-वाचता येणारे थोडेच होते. त्याच सुमारास राजकोट संस्थानात प्रजेच्या हक्कांसाठी गांधीजींना उपोषण करावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे औंधचे वेगळेपण कळते. पुढे १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना याच संस्थानाच्या मुलुखात आसरा मिळाला.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेल्याचे दुःख तेव्हा अनेक राजांना झाले. बाळासाहेबांनी मात्र आपली सत्ता नऊ वर्षांपूर्वीच प्रजेच्या स्वाधीन केली होती. १९५१ साली ते निवर्तले. त्यांनी जमविलेली चित्रे व शिल्पे औंधच्या वस्तुसंग्रहालयात आहेत.