लोकमान्य नव्हे, दुसरे टिळक: चर्चमध्ये अभंग आणि टाळ नेणाऱ्या माणसाची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालं की वाटेत बिडकीन लागतं. पुढे एकनाथांचं पैठण. या पट्ट्यात भजन कुणाला शिकवावं लागत नाही. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. आता असं समजा, की इथल्या कुणाला प्रार्थनेसाठी इंग्रजी चालीवर बसवलेलं मराठी गाणं म्हणायला सांगितलं. कसं वाटेल?

दीडशे वर्षांपूर्वी मराठी ख्रिश्चनांची अवस्था साधारण अशीच होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 पासून अहमदनगर हे त्यांचं मोठं केंद्र झालं. उपासनेला गाणी हवीत म्हणून इंग्रजी गीतांची भाषांतरं झाली आणि ती विलायती चालींवर गायली जाऊ लागली. अडचण साधी होती. इंग्रजी चाल शब्दातल्या आघातावर चालते. मराठी अभंगाचा हिशेब अक्षरांचा असतो, मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार. त्यामुळे चालीत शब्द कोंबावे लागायचे. देशी वळणाची गीतं लिहिणारे काही लोक आधीही होते, पण हे सगळं चित्र ज्यांच्यामुळे पालटलं ते नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. आई लवकर गेली आणि पोरगं नाशिकला आलं. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकलं. पुढे जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. याच त्या 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळक एका जागी टिकणारे नव्हते. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावं बदलली. कविता मात्र सुटली नाही.

तर झालं असं, की नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. लक्ष्मीबाईंना हे कळलं तेव्हा त्या पार कोसळल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणीही चालणार नाही, अशी ती वेळ. नातेवाईक त्यांना लहानग्या दत्तूसह पंढरपूरला घेऊन गेले. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. टिळकांना मोठा कवी म्हणताना या वर्षांची किंमत कुणी चुकवली, हे विसरून चालणार नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या. सुरुवातीला स्वतःचं सोवळं सांभाळून वेगळी चूल मांडून राहिल्या. मग हळूहळू त्यांची जातपात गळून पडली आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या जबरदस्तीने नाही, स्वतःच्या विचाराने.

नगरमध्ये टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायचे. 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, 1912 पासून 'ज्ञानोदय'चा मराठी भाग त्यांच्याकडे आला. पण खरं काम गाण्यांचं. धर्म बदलला तरी तुकाराम आणि ज्ञानेश्वर त्यांनी सोडले नाहीत. उलट आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानायचे. मग त्यांनी ख्रिस्तावर अभंग, ओव्या, भजनं लिहिली. शेकड्यांनी लिहिली. कीर्तनाचा बाजही तसाच ठेवला, फक्त आख्यान येशूचं. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही मागून म्हणता येईल असं हे गाणं होतं.

जगात दुसरीकडेही असंच काही घडत होतं. अमेरिकेत 1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातली कृष्णवर्णीय मुलंमुली कॉलेजसाठी पैसे उभे करायला गात निघाली. गुलामीत जन्मलेली आपल्या लोकांची गाणी त्यांनी मंचावर आणली. आज गॉस्पेल म्हणून जे ऐकतो, त्याची एक मुळी तिथे आहे. या 'ज्युबिली सिंगर्स'च्या परंपरेतला एक संच 1884 ते 1890 च्या जगप्रवासात भारतातही येऊन गेला. टिळकांचा त्यांच्याशी संबंध नव्हता. पण देवाला हाक आपल्याच सुरात मारायची, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

बाहेरच्या मराठी जगात मात्र टिळक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. 'केवढे हे क्रौर्य' ही पक्षिणीवरची कविता अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. बालकवी ठोमरे तर त्यांच्या घरीच मुलासारखे राहिले होते.

शेवटी शेवटी मिशनचा पगारही टिळकांना टोचू लागला. परदेशी पैशावर चालणारा धर्म इथे परकाच राहणार, असं त्यांचं मत झालं. 1917 मध्ये त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणीही तिथे यावं, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. साठीच्या जवळ आलेल्या, तब्येत ढासळलेल्या माणसाने बांधलेला पगार सोडणं म्हणजे घरावर काय वेळ येते, ते वेगळं सांगायला नको.

दरबार रुजायला वेळ मिळाला नाही. 9 मे 1919 ला मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं आणि अस्थी नगरला नेल्या. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अर्धवट राहिलं होतं. त्यातले बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना लग्नाच्या वेळी धड वाचताही येत नव्हतं. आणि टिळकांची गीतं 'उपासना संगीत'मधून मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात, पेटी आणि तबल्यावर.