अन्न आणि विष : फ्रिट्झ हेबर यांचे दुभंगलेले आयुष्य

तिरोडा, प्रतिनिधी - तालुक्यात धानाची रोवणी आटोपली की शेतकऱ्यांची पावले कृषी केंद्रांकडे वळतात. बांधीत पडणाऱ्या युरियाच्या प्रत्येक गोणीमागे एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे संशोधन आहे. त्याच शास्त्रज्ञाच्या संस्थेत सुरू झालेल्या कामातून पुढे ‘झायक्लॉन बी’ हे विष निपजले आणि नाझींच्या मृत्युछावण्यांत त्याने लाखोंचा बळी घेतला. फ्रिट्झ हेबर हे त्यांचे नाव. विशेष म्हणजे ते स्वतः ज्यू कुटुंबात जन्मले होते.

हेबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. जन्मानंतर काही दिवसांतच त्यांची आई दगावली. वडील रंगांचे व्यापारी होते. ज्यूंना विद्यापीठांत वरच्या जागा मिळणे दुरापास्त असलेल्या त्या काळात, १८९२ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण धानाच्या रोपाला तो थेट घेता येत नाही. प्रचंड दाब, उष्णता आणि उत्प्रेरक यांच्या साह्याने हवेतील नायट्रोजन व हायड्रोजन यांचा संयोग घडवून हेबर यांनी १९०९ मध्ये अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉश यांनी ही प्रक्रिया कारखान्यात उतरविली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. अमोनियापासूनच युरिया बनतो. मुंबईतील ट्रॉम्बे आणि अलिबागजवळील थळ येथील खत कारखाने याच प्रक्रियेवर उभे राहिले.

पहिले महायुद्ध पेटताच हेबर यांनी आपली विद्या लष्कराच्या हवाली केली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील इप्र येथे त्यांच्या देखरेखीखाली दीडशे टनांहून अधिक क्लोरीन शत्रूच्या खंदकांवर सोडण्यात आला. त्यानंतर चारच दिवसांनी तेथे लढणाऱ्या लाहोर डिव्हिजनच्या भारतीय सैनिकांनाही विषवायूचा मारा सोसावा लागला. हेबर यांच्या पत्नी क्लारा या रसायनशास्त्राच्या डॉक्टरेट होत्या. २ मे रोजी त्यांनी पतीच्याच पिस्तुलाने आयुष्य संपविले. त्यानंतर लगेचच हेबर पूर्व आघाडीवर रवाना झाले.

अमोनियाच्या शोधासाठी १९१८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना १९१९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी निषेध नोंदविला. याच सुमारास त्यांच्या संस्थेतील संशोधकांनी सायनाइडवर आधारित कीटकनाशक तयार केले. त्याची सुधारित आवृत्ती म्हणजे झायक्लॉन बी. सच्छिद्र पदार्थात शोषलेले हे विष डब्यात बंद केलेले असे आणि डबा उघडताच वायू बाहेर पडे. जहाजे, गोदामे व कपड्यांतील उवा-किडे मारणे हा त्याचा उद्देश होता. माणसांना वेळीच धोका कळावा म्हणून त्यात उग्र द्रव्यही मिसळले जाई.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा आदेश निघाला. युद्धातील सेवेमुळे हेबर यांना स्वतःचे पद राखता आले असते, परंतु त्यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्यांचे निधन झाले.

१९४१ पासून ऑश्विट्झ छावणीत झायक्लॉन बी माणसांवर वापरले जाऊ लागले. त्यातील उग्र द्रव्य तेवढे वगळण्यात आले. या एका छावणीत सुमारे ११ लाख लोक मारले गेले. त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते आणि बहुतेकांचा अंत विषवायूने झाला. नाझींच्या छावण्यांत बळी गेलेल्यांमध्ये हेबर यांचे काही नातलगही होते. विष पुरविणारे ब्रुनो टेश यांना १९४६ मध्ये फाशी झाली.

मृत्युछावण्यांचा दोष हेबर यांच्या माथी मारता येणार नाही. ते तेव्हा हयात नव्हते. इप्रचा दोष मात्र त्यांचाच. तेथे त्यांना कोणी बळजबरीने नेले नव्हते.

क्लारा यांच्या अस्थी आपल्या शेजारी असाव्यात, ही त्यांची अखेरची इच्छा होती. बाझेल येथे आज दोघांची समाधी एकच आहे.