शाहीर अमरशेख : बार्शी ते लालबाग

मुसलमानांचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो बहमनी व आदिलशाही राजवटींचा. मग ते एकदम फाळणीपाशी भेटतात. मधल्या काळात घाम गाळून जगणारा मराठी मुसलमान कोठे गेला? मला तो शाहीर अमरशेखांच्या चरित्रात सापडला.

त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. घरी अठराविश्वे दारिद्र्य. आई मुनेरबी हिच्या तोंडी ओव्या आणि लोकगीते असत. मुलाच्या गळ्यात मराठी उतरली ती तिच्याकडून. मुसलमानाला मराठी परकी असे समजणाऱ्यांनी ही माउली आठवावी! मेहबूबने पाणी भरले, मोटारीवर क्लीनरकी केली, गिरणीत काम केले. संपात पुढे झाला म्हणून तुरुंग भोगला आणि तेथेच कम्युनिस्ट विचारांकडे वळला. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना तो 'अमरशेख' झाला. नावातला अर्धा शब्द संस्कृत, अर्धा अरबी. 'शेख' मात्र त्यांनी कधी गाळला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. परळ-लालबागच्या कामगारवस्तीत डफ घुमू लागला. देश धर्मावरून फाटला त्याच १९४७ साली त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी विवाह केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर अण्णा भाऊंची 'माझी मैना' घरोघरी गेली ती अमरशेखांच्या पहाडी आवाजात. मराठी भाषकांच्या राज्यासाठी मराठी माणसांना पेटवणारा हा गळा एका मुसलमानाचा होता. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह. पण गायकापुढे कवी झाकला गेला, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. अमरशेखांना आपण 'आपले' म्हणतो. मुंबईच्या गिरण्यांत साच्यांवर मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही राबत होते. ते उर्दू बोलत, म्हणून आपल्या आठवणीत त्यांना जागा नाही. अमरशेखांचे गाणे तर साऱ्याच कामगारांसाठी होते.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५२. १९८२ चा संप आणि नंतर बंद पडलेल्या गिरण्या त्यांनी पाहिल्या नाहीत. १९९२-९३ ची दंगलही नाही.