डायबेटिसच्या पेशंटला स्वतःचा हिशोब ठेवायला शिकवणारा डॉक्टर : एलियट जॉस्लिन

घरात कुणाची शुगर वाढलेली निघाली की काय होतं? गोडाचे डबे वरच्या फळीवर जातात, भात मोजून वाढला जातो, सकाळचं चालणं सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत ग्लुकोमीटर घरी येतो. हे सगळं आज आपल्याला नेहमीचं वाटतं. पण पेशंटने आपली शुगर आपणच तपासावी आणि ताटाचा हिशोबही आपणच ठेवावा, हा आग्रह आयुष्यभर धरणारा एक डॉक्टर होऊन गेला. त्यांचं नाव एलियट जॉस्लिन.

जॉस्लिन यांचा जन्म 1869 सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या छोट्या गावातला. हार्वर्डमध्ये डॉक्टरी शिकत असताना, 1893 मध्ये, त्यांनी डायबेटिसच्या पेशंटच्या नोंदी एका वहीत लिहायला सुरुवात केली. 1898 मध्ये बोस्टनला प्रॅक्टिस सुरू केली आणि काही काळातच त्या वहीत त्यांना सख्ख्या आईची नोंद करावी लागली.

त्या काळी डायबेटिसवर खात्रीचं औषध नव्हतं. हातात होतं ते फक्त पथ्य. जॉस्लिन यांनी आईचं खाणंपिणं काटेकोर सांभाळलं आणि निदानानंतर ती दहा वर्षांहून जास्त जगली. मोठ्या वयात झालेला डायबेटिस ताटातून आवरता येतो, हे त्यांनी घरातच पाहिलं.

1916 मध्ये त्यांनी आपल्या 1,000 पेशंटच्या अनुभवावर डॉक्टरांसाठी पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांनी दुसरं पुस्तक आलं, ते डॉक्टर आणि पेशंट दोघांसाठी. अन्न वजनकाट्यावर कसं मोजायचं, लघवीतली साखर घरी कशी तपासायची, हे ते पेशंटला शिकवत. त्यासाठी त्यांनी नर्सेसही तयार केल्या.

पण पथ्यालाही मर्यादा होती. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नव्हतं, त्यांना उपासमारीच्या आहाराने फक्त काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं जास्त मिळत. मुलं हाडांचा सापळा होऊन जात. जॉस्लिन यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे टोरोंटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागल्यावर, 1922 च्या ऑगस्टमध्येच त्यांनी ते आपल्या पेशंटना द्यायला सुरुवात केली.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी डायबेटिस टाळण्याबद्दल एक लेख लिहिला होता. त्यात एका गावातल्या शेजारशेजारच्या तीन घरांची गोष्ट आहे. तिथे राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण डायबेटिसने गेले. साथीच्या रोगाने माणसं गेली असती तर सगळी यंत्रणा धावली असती, इथे मात्र कुणाला काहीच वाटलं नाही, ही त्यांची खंत होती. वाढलेलं वजन आटोक्यात ठेवलं तर बऱ्याच जणांचा डायबेटिस टळेल, असं ते 1921 मध्येच सांगत होते.

इन्सुलिन आल्यावर काही डॉक्टर म्हणू लागले, आता पथ्य कशाला? जॉस्लिन यांना ते मान्य नव्हतं. आहार, व्यायाम आणि इन्सुलिन हे एकाच रथाचे तीन घोडे आहेत, असं ते समजावत. पेशंट आता जास्त वर्षं जगत होते, पण डोळे, किडनी आणि पाय यांचे त्रास वाढत होते. शुगर आटोक्यात ठेवली तर हे कमी होईल, असं जॉस्लिन म्हणत. अनेकांना ते पटत नव्हतं. 1962 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी ते गेले, तेव्हाही हा वाद मिटला नव्हता.

तो मिटायला आणखी तीसेक वर्षं लागली. 1993 मध्ये टाइप वन डायबेटिसवरचा मोठा अमेरिकन अभ्यास आला. 1998 मध्ये टाइप टूच्या 5,102 पेशंटवरचा ब्रिटनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. शुगर नीट आवरली तर डोळे आणि किडनीचं नुकसान कमी होतं, हे दोन्हींत दिसलं.

आज टाइप टूसाठी गोळ्यांचे कितीतरी पर्याय आहेत. तरी डॉक्टर आधी विचारतात ते ताटाबद्दल आणि चालण्याबद्दलच. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा भेटतो, ताट मात्र रोज दोनदा समोर येतं. म्हणूनच जॉस्लिन यांनी वही आणि वजनकाटा पेशंटच्या हातात दिला होता.