टाक्याला ज्यांचे नाव आहे ते डॉक्टर

स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी संत स्त्री किंवा समाजसेविका असावी. मी मात्र एका डॉक्टरांना निवडले आहे. पुष्कळ भगिनींनी शिरोडकर टाका हे शब्द कधी ना कधी ऐकले असतील. गरोदरपणी ते प्रथम माझ्या कानावर आले, तेव्हा मला ते दोरा बनविणाऱ्या कंपनीचे नाव वाटले होते!

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. वेंगुर्ल्याकडचे शिरोडे ते निराळे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. शालेय शिक्षण हुबळीस आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले, १९२७ साली एम.डी. झाले आणि १९३१ साली विलायतेहून एफ.आर.सी.एस. होऊन परतले. पुढे जे. जे. रुग्णालयात त्यांनी काम केले आणि १९४० साली ते आपल्याच कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथवरचा प्रवास हुशार विद्यार्थ्याचा. असे हुशार विद्यार्थी पुष्कळ होऊन गेले.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यांच्याकडे येणाऱ्या काही बायकांपासून. त्यांना दिवस राहत, चार महिने सुखरूप जात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात फारशा कळा न येताच सगळे संपून जाई. एकदा नव्हे, तीन-तीन, चार-चार वेळा. रक्त तपासावे तर दोष नाही, मूल पाहावे तर व्यंग नाही. सक्तीची विश्रांती झाली, संप्रेरकांची इंजेक्शने झाली, तरी पुन्हा तेच. डॉक्टरांना कारण सापडत नसे. घरच्यांना मात्र ते लगेच सापडे. हंडा उचलला असेल, दृष्ट लागली असेल, नाहीतर मेलीचे नशीबच फुटके.

शिरोडकरांनी या बायकांची हकीकत नीट ऐकून घेतली आणि गरोदरपणात त्यांना पुन:पुन्हा तपासून पाहिले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, काहीजणींच्या गर्भाशयाचे मुख मुळातच दुबळे असते आणि मूल वाढू लागले की ते हळूहळू, कळा नसतानाच उघडते. पिशवीची नाडी सैल असली, तर आतला ऐवज कितीही चांगला असो, पिशवी भरली की तो बाहेर पडायचाच.

मग त्यांनी नाडी आवळण्याचे ठरविले. त्या स्त्रीच्याच मांडीतून स्नायूवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढायची, मूत्राशय थोडे वर सारायचे आणि गर्भाशयाच्या मुखाशी, जेवढे वर जाता येईल तेवढे वर जाऊन, ती पट्टी भोवती फिरवून बांधायची. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकडोनल्ड यांनी अधिक सोपा टाका सांगितला आणि आज बहुतेक ठिकाणी तोच घालतात. पट्टीऐवजी आता कृत्रिम धाग्याची फीत वापरतात. पण मुख आवळून मूल राखता येते, हे जगाने शिकले ते या मुंबईच्या प्राध्यापकांकडून.

इथे थोडे स्वतःविषयी लिहिते. १९८१ आणि १९८३ साली माझी दोन बाळंतपणे पाचव्या महिन्यात अशीच वाया गेली. वाशीत तेव्हा वस्ती विरळ होती. खाडीवरून गाडी आली ती १९९२ साली. तोवर मुंबईस जायचे तर बसने पुलावरून. पहिल्या डॉक्टरांनी सर्व काही ठीक आहे, पुन्हा प्रयत्न करा, एवढेच सांगितले. सासूबाई बोलल्या नाहीत, पण त्यांचे न बोलणेही मला ऐकू येई. दुसऱ्या बाईंनी मात्र आधी कळा आल्या की आधी पाणी गेले, हे विचारले. तो प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. चौदाव्या आठवड्यात टाका पडला, सदतिसाव्यात काढला, आणि मुलगी झाली.

म्हणून प्रत्येकीने टाका घालून घ्यावा, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १२९२ स्त्रिया होत्या. टाका घातलेल्यांपैकी तेहतीस आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्या शेकडा १३, न घातलेल्यांपैकी १७. म्हणजे साधारण पंचवीसजणींना टाके घालावेत, तेव्हा एकीचा फायदा. तीन किंवा अधिक वेळा असे नुकसान झालेल्यांना लाभ स्पष्ट दिसला. शिरोडकरांनीही ही शस्त्रक्रिया योजली होती ती अशाच बायकांसाठी.

त्यांच्या या बायकांना दिवस राहत, टिकत नसत. ज्यांना दिवसच राहत नाहीत त्यांचे दुःख निराळे, पण तेही त्यांच्या कामाबाहेरचे नव्हते. बंद पडलेल्या गर्भनळ्या मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया ते करीत. मूल होण्याआधीच अंग बाहेर आलेल्या तरुण स्त्रियांसाठी गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याची पद्धतही त्यांनी बसविली.

नळ्या मोकळ्या, बीज वेळेवर सुटते, नवऱ्याची तपासणी चांगली, आणि तरीही वर्ष उलटून गेले तरी काही नाही, अशी जोडपी आजही आपल्या शेजारात आहेत. (नवऱ्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त, तरी ती सर्वांत शेवटी होते, हा आपल्या घरांचा रिवाज!) अशांपुढे तीन वाटा असतात. वय कमी असेल आणि फार काळ लोटला नसेल, तर आणखी सहा महिने-वर्ष थांबणे ही उपेक्षा नव्हे. ती रीतसर सल्ल्याची वाट आहे. दुसरी, गोळ्या देऊन नवऱ्याचे धुतलेले बीज गर्भाशयात सोडण्याची. न्यूझीलंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आपणहून दिवस राहण्याची शक्यता कमी असलेल्या २०१ स्त्रिया होत्या. तीन महिने असा उपचार घेतलेल्यांपैकी शेकडा ३१ जणींना मूल झाले, नुसत्या थांबलेल्यांपैकी ९ जणींना. तिसरी वाट शरीराबाहेर गर्भ तयार करण्याची, आयव्हीएफची. ती खर्चाची आणि दगदगीची आहे, आणि पस्तिशी ओलांडली असेल, तर तिच्याकडे वळायला फार उशीर करून चालत नाही. या वाटा माहीत नसल्यामुळे कोणी पहिल्याच महिन्यात तिसरी धरतात, तर कोणी नवससायासांत दहा वर्षे घालवितात.

ही तिसरी वाट शिरोडकरांना पाहावयास मिळाली नाही. १९६० साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे शस्त्रक्रियांवरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. १९७१ साली पद्मविभूषण जाहीर झाले आणि ७ मार्च १९७१ रोजी ते वारले. परीक्षानळीतले पहिले मूल इंग्लंडात जन्मले ते १९७८ साली. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही ते साधले, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असे मूल जन्मले ते १९८६ साली. तेव्हा माझी मुलगी वाशीच्या बालवाडीत जाऊ लागली होती.