रक्ताचा क्यूसी इन्स्पेक्टर : डॉ. बारूक ब्लुमबर्ग

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंडस्ट्रियल व्हिजिटला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. साच्यातून निघालेलं कास्टिंग बाहेरून कितीही देखणं असलं, तरी आत ब्लो होल आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक नाहीतर एक्स-रे तपासणी लागते. रक्ताचंही तसंच आहे मित्रांनो! शिबिरात आलेला दाता ठणठणीत दिसतो, पण त्याच्या रक्तात ‘ब’ प्रकारच्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. असं रक्त अपघातातल्या पेशंटला चढवलं तर एका संकटातून वाचलेला माणूस दुसऱ्यात सापडतो. ही आतली खोट शोधायची वाट ज्याच्यामुळे सापडली, त्या माणसाची ही गोष्ट.

बारूक ब्लुमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. म्हणजे डॉक्टरच व्हायचं असं काही आधीपासून ठरलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकन नौदलात होते. पदवी घेतली फिजिक्सची, पुढे कोलंबिया विद्यापीठात गणिताला प्रवेश घेतला. मग वडिलांनी सुचवलं म्हणून मेडिकलकडे वळले आणि १९५१ साली डॉक्टर झाले. ब्रँच बदलावी की नाही म्हणून रात्र रात्र जागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही!

मेडिकलला असतानाच ते काही महिने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, मोएंगो या खाणीच्या गावी राहिले. तिथे आफ्रिकन, जावानीज आणि आपल्या भारतातून मजुरीसाठी नेलेल्या लोकांचे वंशज असे सगळे एकत्र राहात. हत्तीपायाचा आजार मात्र सगळ्यांना सारखा होत नव्हता. असं का? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कायमचा बसला. पुढे ऑक्सफर्डला पीएचडी केली आणि मग जगभरातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचा सपाटाच लावला. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतो, एवढंच त्यांना शोधायचं होतं. कावीळ त्यांच्या सिलॅबसमध्ये नव्हतीच!

पद्धत मात्र हुशारीची होती. ज्याला वरचेवर दुसऱ्यांचं रक्त चढवलं जातं, त्याच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. अशा पेशंटचं सीरम जेलच्या एका खळग्यात घालायचं आणि जगभरातली सीरम शेजारच्या खळग्यांत. दोन्ही जेलमधून पसरतात आणि जोडी जुळली तर मध्ये एक पांढरी रेघ उमटते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या पेशंटचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीचं सीरम यांच्यामध्ये अशी रेघ उमटली. कुठे न्यूयॉर्क, कुठे ऑस्ट्रेलिया! आपल्या प्रॅक्टिकलमध्ये एखादं रीडिंग ग्राफबाहेर गेलं की आपण काय करतो, ते सांगायला नको. ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी हार्वे ऑल्टर यांनी ती रेघ सोडली नाही. त्या अनोळखी पदार्थाला नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’.

आधी वाटलं, याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी असावा. तो अंदाज टिकला नाही. मग डाऊन सिंड्रोम असलेल्या एका पेशंटची आधी निगेटिव्ह आलेली टेस्ट पुढे पॉझिटिव्ह आली. तपासलं तर मधल्या काळात त्याच्या यकृताला सूज आलेली! त्यानंतर लॅबमधल्या एका तंत्रज्ञ बाईंना बरं वाटेना, त्यांचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली. कोडं सुटलं. तो पदार्थ म्हणजे ‘ब’ काविळीच्या विषाणूचंच बाहेरचं आवरण होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दान केलेलं रक्त या चाचणीतून जाऊ लागलं. ब्लुमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी त्याच आवरणापासून लस करायची कल्पनाही मांडली आणि १९८१ साली ती लस अमेरिकेत मंजूर झाली. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळालं होतंच. पुढे वयाच्या सत्तरीत ते नासाच्या जीवसृष्टी शोधणाऱ्या संस्थेचे पहिले संचालक झाले. ५ एप्रिल २०११ रोजी नासाच्याच केंद्रात एका परिषदेला गेले असताना त्यांचं निधन झालं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाची शिबिरं सुरू केली. पैशासाठी रक्त विकणारा माणूस आपला आजार लपवण्याची भीती जास्त, म्हणून स्वेच्छेने दिलेलं रक्त अधिक सुरक्षित. तरी देशात रक्तविक्री बंद व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल लागला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती थांबवण्यात आली. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया अशी पाच प्रकारची तपासणी सक्तीची आहे.

पण मित्रांनो, कुठलाही गेज शंभर टक्के नसतो. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे विषाणू चाचणीला सापडत नाही. त्या काळात पेशंटला वाचवतो तो फक्त दात्याचा खरेपणा. म्हणून शिबिरात फॉर्म भरताना मित्र शेजारी उभा आहे म्हणून लाजू नका. कावीळ झाली असेल, नुकताच टॅटू काढला असेल, तर सरळ सांगा. आणि फुकटात टेस्ट होते म्हणून तर रक्त मुळीच देऊ नका. ब्लुमबर्ग यांचा वाढदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. लस घेतली नसेल तर त्यासाठी याहून चांगला मुहूर्त कुठला?